पर्कशन: इझिकेल

इझीभाऊंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मोठं घर नको, गाडी नको, म्हातारपणाचं काय ते पोस्टाची पेन्शन बघेल. एखाद्या रेकॉर्डच्या पाकिटावर आपलं नाव छापलेलं हवं. पूर्ण नाव. इझिकेल आयझॅक झिराडकर. मोजून तेरा अक्षरं! आता यात जगाकडे मागितलं तरी काय त्या माणसानं, सांगा. पण या तेरा अक्षरांपायी त्यांची चाळीस वर्षं गेली, आणि त्यातली वीस मी जवळून बघितली. तेव्हा मलाच सांगू द्या. मधे मधे ‘असं कसं झालं’ म्हणून विचारू नका, ते मी स्वतःलाच विचारतेय.

मी वैजयंती पाटणकर. लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या मराठी मंडळाची चिटणीस, चौऱ्याहत्तर सालापासून. चिटणीस म्हणजे काय, तर हॉल बुक करायचा, कौन्सिलला पत्रं लिहायची आणि दर गणपतीला कार्यक्रमाची पुस्तिका टाइप करायची. पुस्तिकेत ज्याचं त्याचं नाव लागतं. मखर कुणाचं, मोदक कुणाचे, नारळ कुणी दिले, सतरंज्या कुणी उचलल्या. एके वर्षी सुलक्षणाचं नाव राहिलं, तर बाई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. का, तर तिनं आणलेल्या दूर्वांचा उल्लेख नव्हता. दूर्वा कसल्या, तिच्या लॉनमधलं गवत होतं ते! पण नाव म्हणजे नाव.

मी चिटणीस झाले त्याच वर्षी आमचे ढोलकीवाले नवी नोकरी धरून एडिनबराला गेले आणि आरती नुसत्या टाळ्यांवर आली. आमचे तेव्हाचे अध्यक्ष नंदू गोखले म्हणाले, “सॉर्टिंग ऑफिसात एक मराठी माणूस आहे म्हणतात. पत्रं लावता लावता टेबलावर ठेका धरतो. पण ज्यू आहे.” मी म्हटलं, “ज्यू असो नाहीतर कुणी असो, हात आहेत ना त्याला?” आणि मीच जाऊन विचारून आले.

इझीभाऊ ठेंगणे, डोक्यावर कायम चपटी टोपी, आणि बोटं मात्र सहा फुटी माणसाची. मुंबईचे बेने इस्राएल. घरात बायकोशी, सिप्पोरावहिनींशी, मराठीच बोलायचे, आणि तेही आमच्यापेक्षा चांगलं. आमच्यासारखी दर तिसऱ्या शब्दाला इंग्रजीची ठिगळं नाहीत. मूळ गाव अलिबागजवळचं झिराड. तिथे त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता, आणि शनिवारी तो बंद असायचा. त्यांच्या लोकांना कोकणात शनिवार तेलीच म्हणायचे. “अगं, बैलसुद्धा शनिवारी सुटा असायचा आमचा,” इझीभाऊ सांगायचे. “बैलानं काम केलं तरी ते आपणच केल्यासारखं. आपल्यासाठी कुणीच राबायचं नाही त्या दिवशी.” आता गावात त्यांचं कुणी उरलं नव्हतं. उरलं होतं ते आडनावात.

आरतीला ते टोपी घालूनच उभे राहायचे. नमस्कार करायचे नाहीत, प्रसाद घ्यायचे नाहीत, बटाटेवडे मात्र तीन. पहिल्याच दिवशी मला स्पष्ट सांगितलं, “वैजयंती, तुमच्या देवाचं आणि माझं भांडण नाही. मी ठेक्यासाठी येतो.” आणि काय वाजवायचे हो! आमची आरती म्हणजे शेवटाकडे धावतच सुटते, प्रत्येक जण दुसऱ्याला मागे टाकायला बघतो, झांजा वेगळ्याच गावाला जातात. इझीभाऊ सगळ्यांना शेवटच्या कडव्यापर्यंत एका दावणीला बांधून आणायचे. नंदू गोखल्यांचे बेसूरसुद्धा तालात यायचे.

हे सगळं ते शिकले मुंबईत, एका हॉटेलच्या बँडमध्ये. बँडमास्तर गोव्याचा. बोटीवरच्या खलाशांकडून ब्राझीलच्या रेकॉर्डी विकत घ्यायचा, त्या ऐकून ऐकून पोरांकडून सांबा बसवून घ्यायचा. ब्राझील ना मास्तरनं पाहिलेलं, ना पोरांनी. पुढे हॉटेल सांभाळून इझीभाऊ सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातही बोंगो आणि कोंगा वाजवायला लागले. क्लबमधली गाणी असतात ना, व्हिलन हातात ग्लास घेऊन बसलेला आणि बाई जिन्यावरून उतरतेय, तिथे तो जिना इझीभाऊ उतरवायचे. दीडशे गाणी तरी वाजवली असतील. रेकॉर्ड निघाली की पाकिटावर गाणाऱ्याचं नाव, संगीतकाराचं नाव, छापखान्याचंसुद्धा नाव. वाजवणाऱ्याचं नाही.

त्यांच्या वडिलांनी अशी एक रेकॉर्ड हातात घेऊन उलटसुलट केली होती म्हणे. “यात तू कुठे आहेस?” इझीभाऊ म्हणाले, “आत आहे.” वडील म्हणाले, “बाहेर ये एकदा.” आणि ते वारले. तेव्हापासून हे डोक्यात बसलं.

हॉटेलची नोकरी लग्नापायी गेली. सिप्पोरावहिनींच्या वडिलांची अट होती, शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत जावई घरात हवा. त्यांचा शब्बाथ. बँडवाल्याचा सगळा धंदा शुक्रवारी-शनिवारीच. इझीभाऊंनी बायको निवडली, बोंगो गुंडाळले आणि सहासष्ट साली लंडनला येऊन सॉर्टिंग ऑफिसात बसले. दिवसभर दुसऱ्यांची छापील नावं वाचायची आणि योग्य त्या खणात टाकायची.

आता यात गॅविन कुठून आला, ते ऐका.

एकोणनव्वद सालच्या गणपतीत आमचा हॉल सहापर्यंत बुक होता आणि सहानंतर एका बँडच्या रिहर्सलला दिलेला होता. साडेसहा झाले तरी आमची मंत्रपुष्पांजली चाललेली. दारात एक उंच गोरा, पाठीवर सॅक्सोफोन, हातात वायरींचं भेंडोळं, घड्याळ बघत उभा. मी मनात म्हटलं, आता कौन्सिलला पत्र जाणार आपल्याविरुद्ध. पण हा गॅविन प्रॉथेरो तक्रार करायचं विसरूनच गेला. मला विचारतो, “तुमच्यात कुणी ताल मोजत नाही, मग सगळे एकदम वेग कसा वाढवता?” मी इझीभाऊंकडे बोट दाखवलं. ते खुर्च्यांची चळत लावत होते आणि सवयीनं एका खुर्चीच्या पाठीवर काहीतरी वाजवत होते. गॅविनच्या हातातल्या वायरी खाली पडल्या. म्हणाला, “हा सांबा आहे.”

“आहे,” इझीभाऊ म्हणाले, “थोडा मुंबईचा आहे.”

गॅविनच्या बँडचं नाव ‘रेनर्स लेन कार्निव्हल’. रेनर्स लेन म्हणजे आमच्याकडचं एक ट्यूबचं स्टेशन, तिथे कार्निव्हल सोडा, रविवारी ब्रेड मिळायची मारामार. पण पोरांचं डोकं चांगलं होतं. ब्राझीलचा ताल घ्यायचा, त्यावर कॉम्प्युटरचं ते क्लबात नाचतात तसलं धाडधाड चढवायचं आणि वरून गॅविननं सॅक्सोफोनवर जॅझ सोडायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तीन शेजाऱ्यांचे तीन रेडिओ लागलेत. अर्ध्या तासानं माझा पाय हलत होता. नाही म्हणणार नाही, मजा यायची. गाणारी पोरगी मात्र खरी ब्राझीलची. लूसिया तिचं नाव, पिनरमध्ये कुणाची तरी मुलं सांभाळायला आलेली. तिनं इझीभाऊंना वाजवताना ऐकलं आणि म्हणाली, “आमच्याकडे असं कुणीच वाजवत नाही. माझी आजी म्हणेल हे परदेशी आहे. पण अंगात येतं.” दुसऱ्या आठवड्यात गॅविननं पोस्टर छापलं: ‘ब्राझीलच्या दुर्गम प्रांतातला अस्सल ठेका’. इझीभाऊ म्हणाले, अरे, मी भायखळ्याचा! गॅविन म्हणाला, हो हो. भायखळा त्या वर्षी क्लबात चालत नव्हता.

वर्षभर दर रविवारी इझीभाऊ त्यांच्यात वाजवायला जायचे. साठीला टेकलेला माणूस, पण चेहरा बघायला हवा होता. वहिनी म्हणायच्या, “लग्नात एवढे हसले नव्हते.” मग बँडला कामं मिळायला लागली, आणि कामं कुठली? शुक्रवारची आणि शनिवारची. शुक्रवार तर सोडूनच द्या. उन्हाळ्यात शनिवारी इंग्लंडात दहा वाजल्याशिवाय तारे दिसत नाहीत, आणि दिसतात तरी कुठे, ढग कोण बाजूला करणार? एकदा हे गृहस्थ क्लबाबाहेर व्हॅनमध्ये मान वर करून बसलेले, आत बँड सुरूही झाला होता. तीन तारे मोजून आत गेले तेव्हा शेवटचं गाणं चाललेलं.

गॅविन पडला सभ्य. म्हणाला, आम्ही कुणाला तरी बदली बघू का? आणि इथे, ऐका बरं का, इथे इझीभाऊंनी स्वतःच्या हातानं स्वतःचा घात केला. म्हणाले, “बदली कशाला? आमच्या घरी शनिवारचं जेवण शुक्रवारी दुपारीच करून ठेवतात. तसं मी वाजवून ठेवतो. तुमच्याकडे ते मशीन आहे ना?”

मशीन म्हणजे सॅम्पलर. कुठलाही आवाज गिळतं, फ्लॉपीवर साठवतं आणि बटण दाबलं की जसाच्या तसा ओकतं. गॅविनच्या गॅरेजमध्ये बँक हॉलिडेचे दोन दिवस इझीभाऊ बसले. दुसरा कुणी असता तर दहा-बारा ठेके देऊन चहा प्यायला उठला असता. यांच्या अंगात कामाची चोख सवय. हळू वाजवलेलं, जोरात वाजवलेलं, गाणं चढताना काय, उतरताना काय, गाणारी श्वास घ्यायला थांबली तर मधे काय, चुकली तर सावरायला काय. आरतीतली ती शेवटची धावसुद्धा दिली. “शनिवारी जेवताना मिठासाठी उठायला लागू नये,” मला सांगत होते. एकशे चाळीस तुकडे. सगळ्या फ्लॉपींवर गॅविननं मार्करनं लिहिलं, इझिकेल एक, इझिकेल दोन, इझिकेल तीन.

मी मोबदल्याचं विचारलं, तर म्हणाले, “मी त्याला सांगितलंय, काही नको. रेकॉर्ड निघेल तेव्हा पाकिटावर नाव छाप. पूर्ण.” कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, पोस्टात काम करणाऱ्याचं अक्षर, मुंगीलासुद्धा वाचता यावं. गॅविननं तो कागद खिशात घातला आणि हात मिळवला.

पुढे कुणी त्यांना काढलं वगैरे नाही हं. इंग्रज असं तोंडावर काही करत नाही. शुक्रवारी मशीन गेलं, शनिवारी मशीन गेलं. मग एका रविवारी इझीभाऊंना सर्दी होती तर मशीन गेलं. पुढच्या रविवारी सर्दी नव्हती, तरी फोन आला नाही. मशीनला सर्दी होत नाही, व्हॅनमध्ये जागा कमी लागते, आणि ते आकाशाकडे बघत बसत नाही. इझीभाऊ मात्र फोनजवळच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचे, एकच पान.

त्र्याण्णवला रेकॉर्ड निघाली. इझीभाऊ टोपी काखेत मारून, धापा टाकत आमच्याकडे आले. मी दार उघडलं. पाकीट पुढे केलं. मागच्या बाजूला नावं: सॅक्सोफोन आणि कीबोर्ड, गॅविन प्रॉथेरो. गायन, लूसिया हिचं लांबलचक चार शब्दांचं नाव. आणि त्याखाली तालवाद्यांच्या जागी, पर्कशन: इझिकेल.

“पुढचं?” मी म्हटलं.

“गॅविनला विचारलं मी. म्हणतो, ज्यानं पाकीट सजवलं त्याचं म्हणणं पडलं की नुसतं इझिकेल बरं दिसतं. ब्राझीलचे फुटबॉलवाले नाही का, एकेकच नाव लावतात.” आणि हसायला गेले. “वडील म्हणाले असते, अर्धा बाहेर आलास.”

मला इतका राग आला की मी चहात साखर घालायची विसरले आणि त्यांनी तो तसाच प्यायला. इझिकेल बाहेर आणि झिराड कुठे? झिराडकर आतच!

आणि मग एका साप्ताहिकात परीक्षण आलं. संगीतावरचं मोठं साप्ताहिक, इझीभाऊंची मुलगी सॅली लीड्सला हॉस्पिटलात नर्स आहे, तिनं तिथून कापून पाठवलं. मोठं कौतुक होतं. ब्राझीलचा ताल, क्लबाचं नाचकाम आणि जॅझ यांचं असं लग्न दुसऱ्या कुणी लावलेलं नाही, वगैरे. आणि खाली: ‘या सगळ्याचा प्राण आहे इझिकेल, म्हणजे बँडचं ड्रम-मशीन. यंत्रानं इतकं माणसासारखं वाजवलेलं आम्ही आजवर ऐकलेलं नाही.’

सॅलीनं त्याच्या कडेला इंग्रजीत लिहिलं होतं, ‘डॅड, तुझं कौतुक केलंय की अपमान, ते मला सांग.’

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पत्र लिहा त्यांना. गॅविनला फोन मीच केला. तो बिचारा चाचरला. म्हणाला, कळवणारच होतो, पण लोकांना ती मशीनची गंमत फार आवडलीय, त्यामुळे कामं येतायत. बिचारा कसला, लबाड मेला! त्यानं ते कधी कळवलं नाही. पोरं मशीनचे फोटो काढायला लागली. त्याच्यावर कुणीतरी चपटी टोपी ठेवली होती एकदा. इझीभाऊंचीच, रिहर्सलला विसरलेली.

इझीभाऊ यावर काय म्हणाले असतील? “चला, मशीनला तरी माणूस समजले.” मी म्हटलं, “उलटं आहे ते!” म्हणाले, “कळलं गं मला.” आणि गणपतीत नेहमीसारखे ढोलकी घेऊन उभे.

पंचाण्णवचा तो उन्हाळा आठवतोय का? असा उकाडा इंग्लंडानं बघितला नव्हता. जुलैमधल्या एका रविवारी दुपारी कौन्सिलनं पार्कात मेळा ठेवला. आमच्या मंडळाचा बटाटेवड्यांचा स्टॉल, मी कढईपाशी, इझीभाऊ शेजारी पाव कापायला. आणि स्टेजवर कोण, तर रेनर्स लेन कार्निव्हल! इझीभाऊंनी एकदा तिकडे बघितलं आणि पाव कापत राहिले. बँडनं सुरुवात केली आणि सगळं पार्क डोलायला लागलं. डोलवणारा माझ्या शेजारी उभा राहून पावाला चिरा देत होता, आणि तिकडे तोच स्टेजवर वाजत होता.

तिसऱ्या गाण्यात मशीन बंद पडलं. उन्हानं तापलं होतं. लूसिया तोंड उघडून तशीच, गॅविन खाली वाकून बटणं दाबतोय, फ्लॉपी काढतोय, घालतोय, टॉवेलनं वारा घालतोय त्या डब्याला! लोक टाळ्या वाजवायला लागले, त्या बऱ्या टाळ्या नव्हेत. लूसियाला वडे तळताना मी दिसले आणि माझ्याशेजारी कोण आहे ते दिसलं. ती स्टेजवरून उडी मारून धावत आली आणि इझीभाऊंच्या हातातली सुरी काढून घेतली.

सुदैवानं ढोलकी जवळच होती, स्टॉलपुढे गर्दी जमवायला आणलेली. इझीभाऊ हाताचा पावाचा चुरा पुसत वर चढले. चाळीस मिनिटं वाजवली. काय सांगू तुम्हाला! माणूस पासष्ट वर्षांचा, घामानं निथळलेला, लूसिया त्यांच्याकडे बघून गातेय, ती दम घ्यायला थांबली की हे सावरून घेतायत, गॅविन कुठे भरकटला की यांची मान नुसती हलतेय आणि तो परत जागेवर. माझे वडे जळले. जळू दे म्हटलं. मी तिथे उभी राहून चक्क रडले, आणि नंदू गोखले ‘वैजयंतीबाई, कढई!’ म्हणून ओरडतायत.

कार्यक्रम संपला. इझीभाऊ खाली उतरले आणि परत पाव कापायला लागले. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. चाळिशीचा गोरा, केसांची शेपटी, दोन्ही हातांना दोन पोरं, आणि अंगात त्या बँडचा टीशर्ट. इझीभाऊंनी त्याच्या हातात वडापाव दिला. तो म्हणाला, “तुम्हीच ना मघाशी वर? छान वाजवलंत हं. मशीन बिघडलं असताना वेळ निभावलीत.” इझीभाऊ म्हणाले, थँक यू. तो म्हणाला, “अर्थात, इझिकेलची गोष्ट वेगळी. माझ्याकडे रेकॉर्ड आहे. इझिकेल एका ठोक्यालासुद्धा चुकत नाही.”

मी झारा घेऊन पुढे झाले. “अहो, हाच इझिकेल! ह्याच माणसाला त्या डब्यात भरलंय!”

तो सभ्यपणे हसला. मला म्हणाला, “ते छान झालं असतं नाही, खरंच असं असतं तर.” आणि पोरांना घेऊन गेला.

मग माझा तोल सुटला. मराठीतून, मोठ्यानं, सगळ्या स्टॉलसमोर. काय मेले हे लोक! देश लुटले ते लुटले, आता माणसाचे हातसुद्धा काढून घेतात आणि वर नाव डब्याला! तेरा अक्षरं छापायला यांचं काय गेलं असतं? उद्या मी त्या साप्ताहिकाला लिहिते, गॅविनला कोर्टात खेचते, कौन्सिलला कळवते. इझीभाऊ पावाला चिरा देत ऐकत होते. माझा दम संपल्यावर सुरी खाली ठेवली.

“वैजयंती,” म्हणाले, “त्यांनी निदान अर्धं तरी छापलं गं.”

“म्हणजे?”

“मी तुमच्याकडे चौऱ्याहत्तरपासून वाजवतोय. पुस्तिका दर वर्षी घरी नेतो. सिप्पोरानं सगळ्या ठेवल्यात.” मग सुरी उचलली आणि पुढचा पाव घेतला.

पुस्तिका टाइप कोण करतं? मी.

घरी येऊन कपाट उघडलं. एकवीस पुस्तिका. मखर, मोदक, नारळ, सुलक्षणाच्या दूर्वा. आणि प्रत्येकीत शेवटून दुसरी ओळ: ‘ढोलकी: मंडळाचे एक हितचिंतक’. चौऱ्याहत्तर साली नंदू गोखले म्हणाले होते, “गणपतीत ज्यूचं नाव नको, देणगीदार उगीच विचारतील, आपलं हितचिंतक लिहा.” मला तेव्हा खटकलं होतं का? खटकलं असतं तर बरं, आता सांगायला झालं असतं. मी टाइप केलं. पुढच्या वर्षी मागचं बघून टाइप केलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्या मागचं बघून. कुणी विचारलं नाही, मी विचारलं नाही. गवताचं नाव राहिलं म्हणून माफी मागणारी बाई मी! लाज वाटली. अजून वाटते.

त्या वर्षीच्या पुस्तिकेवरून नंदू गोखल्यांशी माझं कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणाले, “वाचणाऱ्याला वाटेल आपल्यातलाच कुणी झिराडकर आहे.” मी म्हटलं, “मग काय आहे, दुसऱ्यातला आहे? एकवीस वर्षं तुमचा बेसूर कुणी झाकला?” ते दोन दिवस बोलले नाहीत. मला निवांतपणा मिळाला आणि मी टाइप करून टाकलं. शेवटून दुसरी नाही, पहिली ओळ.

पुस्तिका छापून हातात आल्या तो शुक्रवार होता, रविवारी आरती. मी दहा प्रती घेऊन तशीच इझीभाऊंकडे गेले. सातचा सुमार, बाहेर ऊन उतरत आलेलं. वहिनी टेबलावर पांढरं कापड घालत होत्या, मासळीच्या कालवणाचा वास सुटलेला. इझीभाऊंनी चष्मा लावला आणि पहिली ओळ वाचली. मग बोट ठेवून वाचली. मला वाटलं, आता हे रडणार आणि मग मीही रडणार.

म्हणाले, “छान आहे. पण ढोलकी लिहिलंयस. पर्कशन लिहायचं होतं.”

“इझीभाऊ, मी थोबाडीत मारीन हं तुमच्या!”

तेव्हा हसले. आत गेले, ती रेकॉर्ड घेऊन आले, कात्री आणि गोंदाची बाटली घेऊन आले. पुस्तिकेतून त्यांचं नाव बारीक कापलं, करंगळीएवढी पट्टी. पाकिटाच्या मागे जिथे ‘इझिकेल’ होतं त्याच्यावर ती बसवून बघितली, सरकवली, पुन्हा बसवली, मग गोंद लावून अंगठ्यानं एका टोकाकडून दाबत निघाले. इंग्रजी नावांच्या मधोमध एकच मराठी ओळ. ‘इझिकेल’ बसलं, ‘आयझॅक’ बसलं, ‘झिराड’पर्यंत अंगठा आला, आणि वहिनींनी दारातून हाक मारली, “अहो, दिवे लावायची वेळ झाली.”

इझीभाऊंनी अंगठा उचलला. बाटलीला टोपण लावलं. पट्टीचं टोक, शेवटची दोन अक्षरं, तशीच वर उचललेली राहिली.

मी म्हटलं, “आणा इकडे, मी चिकटवते. मला कुठे आहे शब्बाथ?”

“नको,” म्हणाले. “आज-उद्या या घरात आमच्यासाठी कुणी राबायचं नाही. एकदा मशीनला राबवलं माझ्या जागी, तेवढं पुरे झालं. रविवारी येईन ना आरतीला, तिथे चिकटवू.”

वहिनींनी मला खुर्ची ओढून दिली आणि दिवे लावले.